परदेशी सिनेमा, गाणी, जेवण, कॉमेडी: सुरुवात कुठून करायची

सगळं एकदम सुरू करू नका, एका वेळी एकच देश धरा. सिनेमापासून सुरुवात केलेली बरी, माणसं कशी राहतात, बोलतात ते आधी कळतं. इराणचा घ्या, दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामीचा १९८७ चा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' बघाच! मित्राची वही चुकून आपल्याकडे आली म्हणून एक पोरगा ती द्यायला शेजारच्या गावात धावत जातो, बस एवढीच गोष्ट, पण जीव नुसता टांगणीला लागतो. डब केलेलं नको, सबटायटल लावा, मूळ आवाज ऐकण्यातच खरी मजा आहे.

गाण्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा गिटारवादक-गायक अली फार्का तुरे आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचा १९९४ चा 'टॉकिंग टिंबक्टू' हा अल्बम लावा, तोही मोबाईलच्या स्पीकरवर नाही, हेडफोन घालून सलग, शब्द नाही कळले तरी गिटार बरोबर पोचते.

जेवणात इथिओपियाचं इंजेरा, म्हणजे डोशासारखी मोठी पोळी. टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाचं, आंबवलेलं, आंबटसर, जाळीदार. वर वेगवेगळे रस्से वाढलेले असतात, उजव्या हाताने तुकडा तोडून त्यातच रस्सा उचलायचा, चमचा मागू नका. आणि खालचा रस्सा मुरलेला भाग शेवटी खायचा, तो माझ्या मते सगळ्यात भारी.

कॉमेडी मात्र सगळ्यात अवघड, कारण स्टँडअपमधले अर्धे संदर्भ तिथलेच असतात, म्हणून आधी मूकपट बघा, अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटनचा १९२६ चा 'द जनरल', त्यात भाषा आडवी येतच नाही.