अंजन गवतावर काम सुरू करताय? आधी बियाण्याचं वय विचारा

कोल्हापुरात राहून दुष्काळी गवतावर पीएचडी कशाला, हे मला घरीदारी सगळ्यांनी विचारून झालंय. इथं जुलैत पंचगंगा पात्र सोडते, हे खरं. पण तीन तासांवर जत-आटपाडीचं माळरान आहे. तिथं बाकी सगळं करपल्यावरही अंजनाचं ठोंब जमिनीत जिवंत असतं आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतं. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. मला या गवताबद्दल मनापासून ओढ आहे, म्हणून हे लिहितेय.

नावापासूनच सावध राहा. आपल्याकडे राधानगरीच्या बाजूला निळ्या फुलांच्या मेमेसायलॉनला अंजन किंवा अंजनी म्हणतात, आणि खानदेशाकडं अंजन म्हणजे हार्डविकियाचा वृक्ष. आपलं गवत म्हणजे सेंक्रस सिलियारिस. काही लेखांत ते पेनिसेटम सिलियारे या नावानं येतं, तेव्हा दोन्ही नावांनी शोधा. मी वर्षभर एकाच नावानं शोधत होते आणि अर्धं वाङ्मय माझ्या नजरेलाच पडलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. यात माझे आठ महिने गेले, म्हणून जरा लांबण लावते.

ऑक्टोबरात जतजवळच्या माळावरून मी बी गोळा केलं. तुलनेसाठी एका बियाणे केंद्रातून सुधारित वाणाचं बी आणलं. नोव्हेंबरात दोन्हींची उगवण चाचणी लावली: साध्या पाण्यात, आणि पीईजी ६००० च्या द्रावणात (हे रसायन पाणी धरून ठेवतं, त्यामुळं बियाला दुष्काळासारखा ताण बसतो), उणे ०.५ मेगापास्कलपर्यंत ताण देऊन. सुधारित वाणाचं बी बऱ्यापैकी उगवलं. माळावरचं साध्या पाण्यातसुद्धा शंभरात अकरा, आणि ताणात दोन. मी लिहून मोकळी झाले की स्थानिक वाण ताणाला कमी टिकतो. तक्ते झाले, आलेख झाले, सादरीकरणही झालं. तिथं बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी एवढंच विचारलं, "बी किती महिन्यांचं?"

माझ्या पाकिटावर बी आणल्याची तारीख होती. केंद्राच्या पाकिटावर ते मला दिल्याची तारीख होती, काढणीची नव्हती. फोन करून विचारलं तर ते बी मागच्या हंगामातलं, म्हणजे वर्षभर मुरलेलं. माझं जेमतेम महिन्याचं.

अंजनाचं ताजं बी झोपलेलं असतं. काढणीनंतर कित्येक महिने, कधी वर्षभरसुद्धा, ते नीट उगवत नाही. कोरड्या जागी ठेवलं की ही सुप्तावस्था हळूहळू सुटते. म्हणजे मी मोजला तो ताण नव्हताच, मी दोन पाकिटांच्या वयातला फरक मोजला. साध्या पाण्यातच अकरा उगवतात तेव्हा तिथंच थांबायचं असतं. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची साध्या पाण्यातली चाचणीच पडलेली असेल तर पुढच्या एकाही आकड्याला अर्थ नाही. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवलंय.

त्यात दुसरी गाठ. आपण ज्याला बी म्हणतो तो खरं तर केसाळ झुबका असतो. एक झुबका रबरी चटईवर अंगठ्यानं चोळून भिंगाखाली बघा. आत कधी एक पिवळसर दाणा, कधी दोन-तीन, आणि कित्येकदा नुसता भुसा. मी शंभर झुबके मोजून शंभर बिया म्हणत होते! दाणे सोडवा, फुंकर मारून भुसा उडवा, मग मोजा. न उगवलेले दाणे उभे चिरून टेट्राझोलियम या रसायनाच्या द्रावणात ठेवा. जिवंत भ्रूण लाल होतो. मेलेला कोण आणि झोपलेला कोण, ते तेव्हाच कळतं.

मग मी दोन्ही बियाणी एकाच हंगामातली घेतली, एकाच डब्यात ठेवली आणि दर महिन्याला साध्या पाण्यात चाचणी लावत गेले. कंट्रोल वाढायचा थांबला तेव्हाच ताण दिला. तो मोठा फरक बहुतेक विरून गेला. रडू आलं, पण झोपही लागली.

कोल्हापूरकरांसाठी खास: बी कागदी पाकिटात टेबलावर ठेवू नका. पावसाळ्यात इथली हवाच इतकी ओली की बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, खर्च फार नाही. कुंड्यांचे प्रयोग छपराखालीच करा. अंजनाची मुळं खोल जाणारी, त्यामुळं बारक्या कुंडीत त्याची खरी ताकद दिसतच नाही. मी उंच पाइपचे तुकडे वापरते.

संकर करायचा विचार असेल तर थांबा. अंजनात भ्रूण बहुतेक वेळा फलनाशिवायच तयार होतो, म्हणून संतती आईची नक्कल निघते. टेक्सासात बॅशॉ या संशोधकांनी १९६२ साली लैंगिक प्रजनन करणाऱ्या अंजनाच्या दुर्मीळ रोपाची नोंद केली, तेव्हा कुठं पैदासकारांना वाट मिळाली. एमएस्सीच्या दोन वर्षांत हा विषय घेऊ नका.

जुन्या प्रबंधातून कृती जशीच्या तशी उचलू नका, त्यात बियाण्याचं वय बहुधा नसतंच. पैसे देऊन आकडेमोड करून घेणं मला अजिबात पटत नाही. ज्यानं डिशमधला दाणा पाहिला नाही, त्याला आकडा खोटा वाटणार कसा? आणि गाइड निवडताना नाव बघू नका, ते प्रयोगशाळेत येतात का ते शिपायाला विचारा.

उशीर झाला म्हणून घाबरू मात्र नका. बी मुरेपर्यंतचे महिने वाया जात नाहीत. झाशीच्या चारा संशोधन संस्थेचं आणि जोधपूरच्या काझरीचं (कोरडवाहू प्रदेशांवर काम करणारी केंद्रीय संस्था) काम वाचा, माळावर जाऊन ठोंब खणून मुळं बघा, टेट्राझोलियमवर हात बसवा.

यंदाचं बी मी दिवाळीआधी गोळा केलंय. अकरा पाकिटं आहेत, प्रत्येकावर शिसपेन्सिलीनं काढणीची तारीख, गाव आणि झुबके किती पिकलेले ते लिहिलंय. शाई ओल्या हवेत पसरते.