उभ्या गाडीला धडक बसली आणि विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवला, तर काय करावे

सोसायटीच्या भिंतीलगत किंवा रस्त्याच्या कडेला नीट उभ्या केलेल्या गाडीवर रात्री एखादा डंपर किंवा भरधाव मोटार आदळते आणि काही दिवसांनी गॅरेजमधून निरोप येतो की दुरुस्तीचा खर्च फार मोठा असल्याने विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरणार आहे. आपली काहीच चूक नसल्याने पूर्ण भरपाई आपोआप मिळेल, अशी अशा वेळी मालकाची समजूत असते. प्रत्यक्षात त्याच्याकडे दोन वेगळे हक्क असतात. एक हक्क स्वतःच्या विमा कंपनीशी केलेल्या करारातून येतो आणि तिथे चूक कोणाची, हा प्रश्नच नसतो. दुसरा हक्क धडक देणाऱ्याकडून नुकसान वसूल करण्याचा असतो आणि तिथे तोच मुख्य प्रश्न असतो. हे दोन हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण ते एकमेकांत मिसळले की दोन्हीकडे नुकसान होते.

पहिला दिवस: पुरावा आणि पोलीस

गाडी हलवण्यापूर्वी तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. त्यांत नंबर प्लेट, रस्त्यावरील जागा, टायरच्या खुणा, तुटलेल्या काचा आणि शक्य असल्यास धडक देणारे वाहन दिसले पाहिजे. गाडी ‘नो पार्किंग’मध्ये नव्हती हे दाखवणारा एक फोटो दूरवरून घ्यावा, कारण पुढे समोरच्या पक्षाचा पहिला आक्षेप बहुधा तोच असतो. आजूबाजूच्या दुकानांचे आणि सोसायट्यांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांतच पुसले जाऊन त्यावर नवे चित्रण होते. त्यामुळे ते त्याच दिवशी मागावे, आणि कोणी देण्यास नकार दिला तर कॅमेरा कोठे आहे हे पोलिसांना दिलेल्या तक्रारीत लिहावे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ नुसार अपघात करणाऱ्या चालकाने पोलिसांना आणि आपल्या विमा कंपनीला कळवणे बंधनकारक आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आपण स्वतः पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची प्रत पोहोच घेऊन ठेवावी. निष्काळजीपणे वाहन चालवण्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली येतो. पोलीस नुसती नोंद करून परत पाठवत असतील, तर एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा या दोन गोष्टींचा शांतपणे पण ठाम आग्रह धरावा. धडक देणाऱ्या वाहनाचा नंबर मिळाला असेल, तर त्याचा विमा चालू आहे का आणि कोणत्या कंपनीचा आहे, हे एमपरिवहन ॲपवर पाहता येते.

याच वेळी धडक देणारा माणूस किंवा त्याचा मालक समोर येऊन ‘इतके रोख घ्या आणि विषय मिटवा’ असे म्हणण्याची शक्यता असते. बाहेरून किरकोळ वाटणाऱ्या धडकेत आतील ॲप्रन किंवा चासी वाकलेली असू शकते, आणि ते गाडी उघडल्याशिवाय कळत नाही. ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून दिले, तर वसुलीचा हक्क जातो. शिवाय आपल्या विमा कंपनीने पुढे त्याच्याकडून वसुली करण्याचा मार्गही त्यामुळे बंद होतो, आणि हे कारण पुढे करून कंपनी आपल्याच दाव्यावर बोट ठेवू शकते. म्हणून विमा कंपनीला विचारल्याशिवाय कोणत्याही तडजोडीवर सही करू नये.

दावा कळवणे आणि सर्व्हेअर

पॉलिसी उघडून तिच्यात ‘ओन डॅमेज’चे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, संरक्षण आहे का, हे आधी पाहावे. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर आपल्या कंपनीकडून गाडीचे काही मिळणार नाही आणि सगळा भर वसुलीच्या मार्गावर राहील. तो भाग पुढे आहे. ओन डॅमेज असेल, तर दावा त्याच दिवशी कळवून दावा क्रमांक घ्यावा. मूळ पॉलिसीत मोटारीच्या टोइंगसाठी साधारण १,५०० रुपयांचीच मर्यादा असते, त्यामुळे क्रेन बोलावण्यापूर्वी रोडसाइड असिस्टन्सचे संरक्षण आहे का ते तपासावे.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून खर्चाचा अंदाज देणारा तज्ज्ञ, नेमला गेला पाहिजे, त्याचा अहवाल १५ दिवसांत आला पाहिजे आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय दिला पाहिजे. या मुदती ईमेलमध्ये नमूद करून विचारणा करत राहावी. फोनवर झालेले प्रत्येक बोलणे त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने पक्के करावे, कारण पुढे तक्रार करावी लागली तर याच ओळी पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

‘टोटल लॉस’ नेमका कशावर ठरतो

या भागावर सर्वांत जास्त लक्ष द्यावे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर आयडीव्ही, म्हणजे विमा उतरवलेले मूल्य, छापलेले असते. गाडी बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून गाडीच्या वयानुसार घसारा वजा करून ते काढले जाते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढच्या गाडीचे मूल्य दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरते. सात लाख रुपये किमतीची गाडी विमा घेताना तीन ते चार वर्षांची असेल, तर तिची आयडीव्ही ४,२०,००० रुपये येते.

गाडी परत आणण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर ती गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरली जाते. वरील उदाहरणात ही रेषा ३,१५,००० रुपयांवर आहे. मात्र गॅरेजचे एस्टिमेट म्हणजे सर्व्हेअरने मान्य केलेला खर्च नव्हे. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे सुट्या भागांवर घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, नसलेल्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के. त्यामुळे एस्टिमेट ३,४०,००० रुपयांचे असूनही मान्य रक्कम अडीच लाखांवर येऊ शकते. मग कंपनी ‘दुरुस्तीच करा’ म्हणते आणि उरलेले नव्वद हजार मालकाच्या माथी पडतात. उलट, जुन्या गाडीची आयडीव्ही इतकी कमी असते की मालकाला दुरुस्ती हवी असूनही ती टोटल लॉसमध्ये ढकलली जाते. दोन्ही परिस्थितींत सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागावी आणि कोणता भाग बदलायचा, कोणता दुरुस्त करायचा आणि कोणता नाकारला, हे ओळीने तपासावे. आकडे पटत नसतील, तर दुसऱ्या अधिकृत गॅरेजचे एस्टिमेट जोडून हरकत नोंदवावी.

टोटल लॉस ठरला की आणखी एक वाक्य कामी येते. प्रमाणित मोटार पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते की टोटल लॉसच्या दाव्यात आयडीव्ही हेच पॉलिसीच्या संपूर्ण कालावधीसाठी बाजारमूल्य मानले जाईल आणि त्यावर आणखी घसारा धरला जाणार नाही. ‘आज बाजारात या गाडीला इतके मिळत नाहीत’ असे सांगून रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव आला, तर हे वाक्य दाखवावे आणि मागे हटू नये. कापण्याजोगी रक्कम म्हणजे सक्तीचा वाटा, म्हणजे दाव्यातील मालकाने स्वतः सोसायचा भाग, जो १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीला २,००० रुपये असतो. हप्ता कमी व्हावा म्हणून आपण स्वेच्छेने जास्त वाटा स्वीकारला असेल, तर तोही कापला जातो. ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जादा संरक्षण घेतले असेल, तर आयडीव्हीऐवजी मूळ बिलाच्या किमतीनुसार भरपाई मिळते. ते आहे का, हे मालकाने स्वतः पॉलिसीत पाहावे.

प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी: सांगाडा कोणाचा?

कंपनी साधारणपणे दोन पर्याय देते. एकात ती गाडीचा सांगाडा स्वतः घेते आणि वाटा वजा करून आयडीव्ही देते. दुसऱ्यात सांगाड्याची किंमत, म्हणजे सॅल्व्हेज, वजा करून उरलेली रक्कम देते आणि सांगाडा मालकाकडे राहतो. वरील गाडीच्या सांगाड्याला १,१०,००० रुपयांची बोली आली असेल, तर पहिल्या पर्यायात ४,१९,००० आणि दुसऱ्यात ३,०९,००० रुपये मिळतील. ही बोली कंपनीच्या ओळखीच्या खरेदीदारांकडून येते. तिचा लेखी तपशील मागावा, आणि सांगाडा आपल्याकडे राहणार असेल, तर त्याच रकमेला तो खरोखर उचलणारा खरेदीदार कंपनीने दाखवावा, असा आग्रह धरावा.

गाडीवर कर्ज असेल, तर हा निर्णय जास्त जपून घ्यावा, कारण दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाते. कर्ज ३,६०,००० रुपये शिल्लक असेल, तर पहिल्या पर्यायात ते फिटून ५९,००० रुपये हातात येतात. दुसऱ्यात सगळी रक्कम बँकेकडे जाऊनही ५१,००० रुपये देणे उरते, आणि ते फिटेपर्यंत बँक ना हरकत प्रमाणपत्र देत नाही. दावा चालू असताना मासिक हप्ते मात्र थांबवू नयेत, कारण त्याची नोंद थेट आपल्या पत-इतिहासात होते. गाडी गॅरेजमध्ये पडून असेल, तर तिथे दररोजचे पार्किंग भाडे आणि एस्टिमेटचे शुल्क लागते का, हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारावे आणि ते कोण देणार, हे कंपनीकडून ठरवून घ्यावे.

आरसी आणि नोंदणी

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या टप्प्याची. टोटल लॉस झालेल्या गाडीचे आरसी बुक आणि चासी क्रमांक चोरीच्या गाडीला लावण्याचे गुन्हे देशात अनेकदा उघडकीस आले आहेत. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की गाडी विकली गेली असली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आहे आणि अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून सांगाडा कोणीही नेला, तरी मालकी हस्तांतरणाच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून देऊ नये. नेणाऱ्याचे ओळखपत्र, तारीख, वेळ आणि चासी क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी, फास्टॅग काढून तो बंद करावा आणि गाडीतील सामान व कागदपत्रे स्वतः काढून घ्यावीत.

गाडी पुन्हा रस्त्यावर येण्याजोगी नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकरणाला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. त्यापूर्वी थकीत ई-चलने भरावीत आणि कर्जाची नोंद उतरवून घ्यावी. सांगाडा आपल्याकडे असेल, तर तो अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावा. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना वाहन करात राज्याने ठरवलेली सवलत मिळते.

धडक देणाऱ्याकडून वसुली

आपल्या कंपनीने भरपाई दिल्यावर तितक्या रकमेपुरता वसुलीचा हक्क कायद्याने तिच्याकडे जातो. त्यासाठी ती आपल्याकडून पत्रावर सही घेते. पण आपल्या खिशातून गेलेला वाटा, टोइंग आणि पॉलिसीत न बसलेला खर्च समोरच्याकडून मागण्याचा हक्क आपल्याकडे उरतो. एकाच नुकसानाची रक्कम दोन्हीकडून घेता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे. दुसऱ्याच्या चुकीने दावा करावा लागला, तरी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत, जातो. पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचलेला बोनस असेल आणि नुकसान टोटल लॉसच्या बरेच खाली असेल, तर ओन डॅमेजचा दावा न करता थेट समोरच्याकडून वसुली करणे परवडते का, याचा हिशेब जरूर करावा.

मालमत्तेच्या नुकसानीचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, चालक, मालक आणि त्यांची विमा कंपनी या तिघांविरुद्ध करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने ठेवली आहे, म्हणून त्याच काळात अर्ज दाखल करावा. मोटारींच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखापर्यंत संरक्षण असते, पण काही मालक हप्ता वाचवण्यासाठी ते ६,००० रुपयांवर आणतात, तेव्हा उरलेली रक्कम वाहनमालकाकडूनच मागावी लागते. वाहन सापडलेच नाही, तर ‘हिट अँड रन’ची सरकारी भरपाई गाडीसाठी मिळत नाही, ती केवळ मृत्यू आणि गंभीर दुखापतीसाठी आहे.

कंपनीने ऐकले नाही तर

पहिली लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी आणि तिची नोंद आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर आपल्या भागासाठीच्या विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात, शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. आयडीव्ही कमी धरण्यासारखे स्वच्छ कागदी वाद मी तरी तिथेच नेण्यास सांगेन. जिथे साक्षीपुरावे तपासावे लागतील, तिथे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे आणि त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. लोकपालाकडे जाताना तीच तक्रार आयोगात प्रलंबित असता कामा नये, त्यामुळे क्रम आधीच ठरवावा. तोपर्यंत कंपनीने देऊ केलेली रक्कम घ्यायची असेल, तर पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारले’ असे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या व्हाउचरवर तसे लिहिल्याशिवाय सही करू नये.