मैफलीत ईईजी लावायचा तर

मैफल ऐकताना मेंदूत काय होतं हे ईईजीने, म्हणजे टाळूवर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विजेची नोंद घेऊन, पडद्यावर दाखवायचं असेल तर गायकाला ईईजी लावू नका. तान घेताना जबड्याच्या आणि गळ्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या लहरींवर चढते आणि पडद्यावर नुसतं गवत दिसतं. पहिल्या रांगेतला शांत बसणारा एक श्रोता निवडा. पाठीला टेकू द्या, डोकं मात्र मोकळं राहू द्या. मागचे इलेक्ट्रोड दाबले की संपलं.

आदल्या रात्री त्याने शाम्पूने डोकं धुवावं, तेल अजिबात नको. ‘थोडंच लावलंय’ यावर विश्वास ठेवू नका, केसांत बोट फिरवून बघा. खोबरेलाचा पातळ थरसुद्धा इलेक्ट्रोडची पेस्ट टाळूला चिकटू देत नाही.

बॅटरीवर चालणारा, सेकंदाला 250 नमुने घेणारा ओपनबीसीआय सायटनसारखा बोर्ड (इलेक्ट्रोडचे सिग्नल टिपून लॅपटॉपला देणारं सर्किट) घ्या. इलेक्ट्रोडसाठी डोक्यावरच्या चार ठरलेल्या जागा पुरतात: ओ1 (मागे डावीकडे), ओ2 (मागे उजवीकडे), पीझेड आणि एफपी1. रेफरन्स (बाकीचे सिग्नल ज्याच्या तुलनेत मोजतात तो इलेक्ट्रोड) एका कानाच्या पाळीला, ग्राउंड (बोर्डाचा सामाईक इलेक्ट्रोड) दुसऱ्या. नाकाच्या मुळाची खोच ते डोक्यामागचा उंचवटा हे अंतर टेपने मोजा. समजा 36 सें.मी. भरलं, मग उंचवट्यापासून 3.6 सें.मी. वर खूण करा, आणि डोक्याचा घेर 56 असेल तर तिथून दोन्ही बाजूंना 2.8 सें.मी.वर ओ1 आणि ओ2. पीझेड उंचवट्यापासून 10.8 सें.मी.वर, मधल्या रेषेवर. एफपी1 डाव्या भुवईच्या वर, कपाळावर. त्याचं काम फक्त पापण्यांची उघडझाप पकडणं. केस बाजूला करून टाळू जेलने घासा, मग वाटाण्याएवढी पेस्ट. टाळू आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा रोध 10 किलोओहमच्या आत आला पाहिजे.

लॅपटॉप चार्जरवरून काढा. फिल्टर 1 ते 40 हर्ट्झ, शिवाय 50 हर्ट्झचा नॉच, म्हणजे मेनच्या विजेची घरघर कापणारा फिल्टर. वीज जाऊन मंडपाचा जनरेटर सुरू झाला की फ्रिक्वेन्सी 50 वर ठरत नाही, नॉच चुकतो आणि घरघर आत शिरते. तारा एकत्र पिळून लाइटच्या डिमरपासून लांब ठेवा.

जळगाव-धुळ्याकडे हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करा. एप्रिल-मेमध्ये पारा 42च्या पुढे जातो, घामाने रेषा संथपणे वर-खाली वाहते आणि पेस्ट सुटते.

सुरुवातीला टाळी वाजवताना श्रोत्याला क्षणभर दात आवळायला सांगा. टाळी ध्वनिमुद्रणात येते, दात ईईजीत. नंतर दोन्ही जुळवता येतात. मग दोन मिनिटं डोळे उघडे, दोन मिनिटं मिटलेले, आणि हेच पुन्हा तानपुरा चालू असताना. ही पायरी गाळू नका. डोळे मिटले की मागच्या बाजूला 8 ते 13 हर्ट्झची अल्फा नावाची लहर वाढतेच, राग कुठलाही असो. 1929 साली माणसाचा पहिला ईईजी छापणाऱ्या हान्स बर्गर यांनाही हीच लहर दिसली होती. म्हणून श्रोत्याने पूर्ण मैफल डोळे मिटून ऐकायची असं ठरवा; नाहीतर विलंबितात पापण्या मिटतील आणि तुम्ही श्रेय आलापाला द्याल.

सुपारी, मान डोलावणं, मांडीवर ताल धरणं, सगळं बंद. हे रसिकाला जड जातं, त्यामुळे आधीच सांगा.

पडद्यावर अल्फाची मागच्या चार सेकंदांची सरासरी दाखवा, म्हणजे आलेख समेच्या मागे राहील हे प्रेक्षकांना सांगून ठेवा. पडदा कलाकाराकडे वळवू नका. पेस्ट कोमट पाण्याने निघते. वाळू दिली तर केस ओढले जातात.