शेअरबाजारात या चुका टाळा: मुंबईने १८६५ मध्ये केलेल्या

एफ अँड ओमध्ये, म्हणजे शेअरच्या वायदेबाजारात, हात पोळले की पहिलं वाक्य ठरलेलं: "मार्केटच पडलं, मी काय करणार?" १८६५ साली मुंबईत हेच म्हणणारे कमी नव्हते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा खुळखुळायला लागला तसे बँका आणि कंपन्यांचे शेअर निघाले. समुद्रात भर घालून जमीन काढू म्हणणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत गेला. जमिनीचा अजून पत्ता नव्हता.

पहिली चूक: तात्पुरतं कारण कायमचं धरणं. युद्ध कधीतरी संपणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शेअर घेण्याआधी "भाव कशामुळे चढलाय आणि ते कारण गेलं तर काय" हे वहीत एका ओळीत लिहा. ओळ सुचत नसेल तर घेऊ नका.

दुसरी चूक: शेअर गहाण टाकून आणखी शेअर घेणं. खरी मारक चूक हीच. १८६३ मध्ये बँक ऑफ बॉम्बेचे नियम सैल झाले आणि शेअरच्या तारणावर कर्ज मिळू लागलं. समजा, तुमचा शेअर २०,००० चा झाला. त्यावर १०,००० उचलून आणखी घेतले. भाव निम्मा झाला की तारणही निम्मं, कर्ज मात्र तेवढंच. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, युद्ध संपत आलं, कापूस गडगडला आणि १ जुलैला वायदे (ठरल्या तारखेला ठरल्या भावाने शेअर घेण्या-देण्याचे करार) पुरे करायची वेळ आली तेव्हा पैसे कोणाकडेच नव्हते. याने त्याच्याकडून घ्यायचे, त्याने तिसऱ्याकडून, अशी साखळी. खुद्द बँकेचा २,८५० ला पोहोचलेला शेअर ८७ रुपयांवर आला. आजचं प्लेज (शेअर गहाण टाकणं) आणि मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची तारण रक्कम) याहून फारसं वेगळं नाही.

तिसरी चूक: मोठ्या नावामागे जाणं. त्या काळचे बडे शेअर दलाल प्रेमचंद रायचंद घेतायत म्हणून लोक घेत. प्रेमचंदही बुडाले. डॉ. भाऊ दाजी लाडांसारख्या विद्वानालाही या लाटेने सोडलं नाही. टेलिग्राम ग्रुपवरच्या 'सर'चं तर नावही आपल्याला धड माहीत नसतं.

आधीच अडकला असाल तर? मार्जिन भरा असा मेसेज आला की घरची एफडी मोडून भरू नका. आधी पोझिशन, म्हणजे चालू सौदे, कमी करा. कर्जावर घेतलेले शेअर सर्वांत आधी विका, तोट्यात असले तरी. "अ‍ॅव्हरेज करतो" (पडत्या भावात आणखी घेतो) हा शब्द आठवडाभर तोंडातून काढू नका. आणि घरात आकडा खरा सांगा, निम्मा करून नव्हे.