इतिहास महोत्सवातलं लेखकाचं व्याख्यान: नव्वद मिनिटं कशी बेतावीत

वाचनालय, रहिवासी संघ किंवा जुन्या शाळेचे माजी विद्यार्थी आपल्या भागाच्या इतिहासाचा वार्षिक महोत्सव भरवतात, तेव्हा सगळा जोर छायाचित्रांच्या प्रदर्शनावर आणि सकाळच्या हेरिटेज वॉकवर जातो. लेखकाचं व्याख्यान ‘कोणाला तरी बोलावू’ यावर राहतं. मग लेखक येतो, प्रस्तावनाच थोडी लांबवून सांगतो, शाल घेतो आणि जातो. यात त्याचा दोष फारसा नसतो. फोनवर त्याला ‘तुमच्या पुस्तकाबद्दल बोला’ एवढंच सांगितलेलं असतं, आणि चारशे पानांवर चाळीस मिनिटांत बोलायचं म्हटलं की कोणीही अनुक्रमणिकाच वाचून दाखवेल.

आधी प्रश्न, मग पाहुणा

निमंत्रण देण्याआधी समितीने एक प्रश्न ठरवावा. त्यात एक जागा, एक काळ आणि एक ‘का’ किंवा ‘कसं’ असलं पाहिजे. ‘मुंबईच्या गिरण्या’ यावर दिवसभर बोललं तरी हाती काही लागत नाही. ‘18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाल्यावर आपल्या भागातल्या खानावळी कशा चालल्या?’ असं विचारलं की लेखकाला नेमकं काय शोधून आणायचं ते कळतं. महोत्सव दादर-माटुंग्यात असेल तर ‘प्लेग’ असा विषय देऊ नका. ‘1896 च्या प्लेगमुळे आपले रस्ते सरळ कसे झाले?’ असं विचारा. मग प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेली 1898 ची सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, हवा-उजेडाचा आग्रह, आखलेले भूखंड, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी याच वाटेने बोलावं लागतं, आणि श्रोता ज्या फुटपाथवरून चालत आला त्याचीच गोष्ट त्याला ऐकायला मिळते. वरळी, नायगाव, शिवडी किंवा ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी आहेतच. 1920 साली स्थापन झालेल्या सरकारी खात्याने बांधलेल्या या चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीत संसार कसे बसले, हा एकच प्रश्न संध्याकाळ भरून काढेल.

प्रश्न हाती आला की मगच तो कोणाच्या अभ्यासात बसतो ते पाहा. प्रसिद्ध नावापेक्षा त्या विषयावर कागदपत्रं चाळलेला माणूस बरा, मग त्याचं पुस्तक एकच असो.

तारीख आणि गाड्या

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. त्यातही काही दिवस टाळावेत. 19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो. चांगले वक्ते त्या आठवड्यात मोकळे सापडत नाहीत, तेव्हा तीन महिने आधी तारीख घ्या नाहीतर पुढचा आठवडा धरा. 6 डिसेंबरच्या आगेमागे दादर परिसरात काहीही ठेवू नका. चैत्यभूमीवर राज्यभरातून लोक येतात, रस्ते आणि गाड्या त्यांच्यासाठी हव्यात. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळी बंद असतात. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागली की शाळेचं सभागृह मिळत नाही आणि आईवडीलही घराबाहेर पडत नाहीत.

रविवार ठरवलात तर वेळ संध्याकाळी सहाची. लोकलच्या रुळांच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक साधारण दुपारी चारच्या सुमारास संपतो, पण वेळापत्रक सावरायला आणखी वेळ जातो. चारचा कार्यक्रम म्हणजे डोंबिवलीचा श्रोता साडेचारला घाम पुसत आत येणार. पुण्याचा लेखक असेल तर परतीचंही पाहा: दख्खनची राणी सीएसएमटीहून संध्याकाळी पाचनंतर लगेच सुटते, म्हणजे सहाच्या कार्यक्रमाला ती उपयोगाची नाही. मुक्कामाची सोय तुम्ही करायची की रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायचं, हे निमंत्रणाच्या वेळीच ठरवा. आदल्या संध्याकाळी ‘सर, परत कसे जाणार?’ असं विचारणं शोभत नाही.

पत्रात काय लिहावं

फोनवर होकार मिळाला की त्याच दिवशी लेखी पत्र किंवा मेल पाठवा. त्यात ठरवलेला प्रश्न, भाषणाची मिनिटं, श्रोते किती आणि कोणत्या वयाचे, पडदा-प्रोजेक्टर आहे की नाही, ध्वनिचित्रण करणार का, पुस्तकविक्री कोण करणार, मानधन किती आणि प्रवासखर्च वेगळा की त्यातच, हे सगळं यावं. मानधनाचा आकडा लिहायला आयोजक कचरतात आणि लेखक विचारायला संकोचतो. शेवटी दोघंही मनात काहीतरी वेगळंच धरून बसतात. देणं शक्य नसेल तर ‘मानधन देऊ शकत नाही, प्रवासखर्च देऊ’ असं सरळ लिहा. पाकीट मंचावर देऊ नका. कार्यक्रम संपल्यावर बाजूला द्या किंवा तिथेच खात्यात पाठवा.

वेळेचा कागद

सहाला सुरू होऊन साडेसातला संपणाऱ्या कार्यक्रमाची वाटणी अशी ठेवा: स्वागत 5 मिनिटं, परिचय 3, भाषण 40, प्रश्नोत्तरं 25, आभार 2, आणि शेवटची 15 मिनिटं पुस्तकांवर सह्या. नव्वद मिनिटं भरली. यात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अध्यक्षीय समारोप आणि प्रायोजकांचे सत्कार बसत नाहीत. समितीतल्या ज्येष्ठांचा मान राखायचा असेल तर महोत्सवाच्या उद्‌घाटनाला सगळं उरकून घ्या. व्याख्यानाच्या दिवशी दिवा आधीच लावून ठेवावा. वारा नसेल तरी समई पेटायला चार-पाच मिनिटं जातात, कारण तिथे पाच जण एकच मेणबत्ती हातोहात फिरवत असतात.

परिचय तीन मिनिटांचाच हवा आणि लिहून काढलेला हवा. तारखा इथेच घसरतात. मुंबई इंग्रजांकडे कधी आली, यावर निवेदक 1661 म्हणतो, फ्लेक्सवर 1668 असतं आणि लेखक 1665 सांगतो. तिन्हींना आधार आहे: 1661 ला इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या विवाहाचा तह झाला, 1665 ला इंग्रजांनी प्रत्यक्ष ताबा घेतला आणि 1668 ला बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. पण खुलासा न करता तीन साल एकाच संध्याकाळी आली की श्रोत्यांना एकतरी चूक वाटणारच. फ्लेक्स छापण्याआधी त्यावरचा मजकूर लेखकाला दाखवा.

माइक, पंखे आणि पडदा

सभागृह बघायला जाताना कार्यक्रमाच्याच वेळेला जा. दुपारी शांत वाटलेल्या सभागृहाच्या खिडक्या संध्याकाळी रुळांकडे, नाहीतर रिक्षा स्टँडकडे उघडतात हे तेव्हाच कळतं. शेवटच्या रांगेत बसा, मंचावर कोणाला तरी साध्या आवाजात वाचायला सांगा, पंखे लावून आणि पंखे बंद करून ऐका.

कॉलर माइक छातीवर, हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावतात. साडी असेल तर पदर नसलेल्या बाजूला, नाहीतर प्रत्येक हालचालीला खरखर येते. ओढणीचंही तेच. डोक्यावरच पंखा असेल तर कॉलर माइक त्याचा वारा ओढतो. तो एक पंखा बंद ठेवा किंवा हातातला माइक द्या. हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या थोडा खाली धरायचा. बरेच वक्ते बोलता बोलता तो पोटापर्यंत खाली आणतात, साउंडवाला आवाज वाढवतो, आणि मग शिट्टी वाजते. माइक स्पीकरच्या समोर आला तरी तीच शिट्टी. म्हणून दोन्ही स्पीकर वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा आणि प्रश्नांचा दुसरा माइक घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याला स्पीकरसमोरून जाऊ देऊ नका. कॉर्डलेस माइकचे सेल कार्यक्रमाआधी नवे घाला, जोडीला दोन सेल खिशात ठेवा. ‘सकाळीच घातलेत’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फुटांवर हवी, नाहीतर पाचव्या रांगेपासून पुढच्यांची डोकीच दिसतात. नकाशे हे इतिहासाच्या व्याख्यानाचं खरं दुखणं. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावर गल्ल्यांची नावं मुंगीएवढी असतात. अख्खा नकाशा एका स्लाइडवर टाकला की मागच्यांना तपकिरी डाग दिसतो. आधी पूर्ण नकाशा, त्यावर आपल्या भागाभोवती लाल चौकट, आणि पुढच्या स्लाइडवर फक्त तो चौकोन मोठा करून. चाळीस मिनिटांना वीसपेक्षा जास्त स्लाइड नकोत. सादरीकरण दोन दिवस आधी मागवून पेनड्राइव्हवर आणि मेलवर ठेवा, सोबत पीडीएफही. मराठी फॉन्ट दुसऱ्या लॅपटॉपवर तुटतो तेव्हा पीडीएफच वाचवते. एचडीएमआयची वायर मंचापर्यंत पोचते का, हे मोजून बघा.

बंद सभागृहात असाल तर ठीक. मैदानात किंवा चाळीच्या चौकात ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद. पण चौकातलं व्याख्यान एरवीही सांभाळायला जड जातं. तिथे लेखकाला वीसच मिनिटं द्या.

संवादक कोण असावा

काही लेखक उत्तम लिहितात आणि भाषणात अडखळतात. त्यांच्यासाठी मुलाखत बरी. संवादक म्हणून समितीतला सर्वांत गोड बोलणारा माणूस नको, पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला हवा. त्याने आठ प्रश्न तयार ठेवावेत, पाच विचारायचे आहेत हे धरून. लेखकाशी आधी पंधरा-वीस मिनिटं फोनवर बोलावं, पण उत्तरांची तालीम करू नये. मंचावर ती शिळी वाटते.

‘लेखनाची प्रेरणा काय?’ या प्रश्नाने मुलाखत सुरू करू नका. ‘हा कागद तुम्हाला कुठे सापडला?’ असं विचारा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात घालवलेली दुपार, फाटकी फाइल, मोडी वाचून देणारा जाणकार, हे सांगताना अबोल लेखकही खुलतो. शिवाय इतिहास कशाच्या आधारावर उभा असतो ते श्रोत्यांना आपोआप कळतं.

प्रश्नोत्तरं

उघड्या माइकवर पहिला प्रश्न विचारायला उठणारा माणूस साधारण सात मिनिटं बोलतो आणि शेवटी प्रश्न नसतोच. त्यावर चिठ्ठ्या हा उपाय. पोस्टकार्डाच्या आकाराचे कोरे कागद भाषणाच्या मध्यावर वाटा, सोबत पेन्सिली द्या (पेनं परत येत नाहीत). दोन कार्यकर्ते त्या गोळा करतील, तिसरा बाजूच्या टेबलावर निवडेल. सारखे प्रश्न एकत्र करा, भाषणात उत्तर येऊन गेलेले बाजूला ठेवा आणि आडवा प्रश्न मुद्दाम वर घ्या. तो दडवला तर लोकांना समजतं. शेवटची पाच मिनिटं माइक खुला ठेवा, म्हणजे चिठ्ठी न लिहिणाऱ्यांचीही सोय होते.

काही चिठ्ठ्यांत प्रश्न नसतो, आठवण असते. ‘14 एप्रिल 1944 च्या गोदीतल्या स्फोटात आमच्या चाळीच्या काचा फुटल्या, असं वडील सांगायचे.’ हे कापून टाकू नका, पण प्रश्नोत्तरांतही घेऊ नका. दाराशी ‘आठवणींचं टेबल’ मांडा: एक वही, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणारा कार्यकर्ता, आणि चार रकाने. सांगणाऱ्याचं नाव, राहण्याची इमारत किंवा गल्ली, अंदाजे साल, आणि हे स्वतः पाहिलं की ऐकलं. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच रिकामा राहतो. ध्वनिमुद्रणाला संमती विचारून तीही लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा विषय बहुधा याच वहीत सापडतो.

वाद होणारच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा 105, 106 की 107, यावर आवाज चढलेले अनेकांनी ऐकले असतील. संवादकाने बाजू घेऊ नये आणि ‘जाऊ द्या’ही म्हणू नये. ‘हा आकडा कोणत्या नोंदीतला आहे, ते सांगा’ असं आधी लेखकाला विचारावं, मग आक्षेप घेणाऱ्याला. बहुतेक वाद तिथे थंडावतात, कारण एका बाजूकडे नोंद असते आणि दुसरीकडे ऐकीव. दोन्हीकडे नोंदी निघाल्या तर मात्र संध्याकाळ सार्थकी लागली, पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

पुस्तकांचं टेबल

शंभर खुर्च्यांना 25 ते 30 प्रती पुरतात. प्रकाशकाकडून त्या ‘उरलेल्या परत’ या बोलीवर घ्या आणि सवलत, परतीची मुदत, वाहतूक कोणाकडे, हे लेखी ठरवा. टेबल बाहेर पडण्याच्या वाटेवर हवं. आत येताना कोणी पुस्तक घेत नाही. किंमत आणि सवलत संवादकाने सांगावी, लेखकाच्या तोंडून ती बरी दिसत नाही. तळमजल्यावरच्या सभागृहात मोबाइलची रेंज जाते आणि क्यूआर कोड नुसता चिकटलेला राहतो, म्हणून पन्नास आणि शंभरच्या नोटा मिळून दोन हजारांचे सुटे ठेवा. सहीच्या रांगेत प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी देऊन नाव लिहून घ्या. ‘स्मिता’ लिहायचं की ‘सुस्मिता’, हे गोंगाटात ऐकू येत नाही, आणि एकदा चुकीचं नाव पडलेली प्रत विकता येत नाही.

ध्वनिचित्रण इंटरनेटवर टाकण्याआधी लेखकाला एकदा पाहू द्या. स्लाइडमधली जुनी छायाचित्रं कोणाच्या खासगी संग्रहातली असतील तर तेवढा भाग झाका किंवा मालकाची परवानगी घ्या. सभागृहात दाखवायला दिलेली परवानगी इंटरनेटला लागू होत नाही. पुस्तकांचा हिशेब आणि उरलेल्या प्रती आठवड्याच्या आत प्रकाशकाकडे पोचवा आणि परतीच्या पावतीवर प्रतींची संख्या अक्षरीही लिहून घ्या.