फीड पंप बदलताना

तुळजापूरचा घाट चढताना भरलेला ट्रक दम टाकायला लागला की मालक म्हणतात, फीड पंप बदल, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून पुढं ढकलणारा पंप. मी आधी फिल्टर बदलतो, टाकीकडून येणारा पाइप हवा ओढतोय का ते बघतो. निम्म्या गाड्या तिथंच सुटतात.

जुन्या इनलाइन इंजेक्शन पंपाच्या (इंजिनात डिझेल दाबानं पाठवणारा मोठा पंप) गाडीत फीड पंप त्या इंजेक्शन पंपाच्या अंगालाच बसतो. सोडण्याआधी डिझेल मारून ब्रशनं सगळं धुवा. सोलापूरची धूळ आत गेली तर नवा पंपही गेला म्हणून समजा. पॅकिंग नवीन, बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशरही नवीन. जुना वॉशर चेपलेला असतो, बारीक हवा तिथूनच शिरते.

मग फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (हातानं डिझेल चढवायचा छोटा पंप) मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धारेवरच स्क्रू आवळायचा.

फिल्टर आणि इंजेक्शन पंपाच्या मध्ये प्रेशर गेज लावा. साधारण एक ते दीड बार दिसतं, पण नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलचाच धरा. रेसवर काटा पडला तर पुन्हा फिल्टर आणि पाइप.

कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत चालू इंजिनवर हाय प्रेशरचा नट सोडू नका. तिथं प्रेशर हजार बारच्या वरही जातं, धार कातडीत घुसते.