बाराच्या बारा फ्रेम हव्यात? मग या चुका टाळा

मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला मी याशिका-मॅट 124जी हा जुना, दोन लेन्सचा फिल्म कॅमेरा गळ्यात अडकवून गेलो होतो. गच्चीवर मांडव, हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, दुपारचे तीन. बारा फ्रेम मोजूनमापून घेतल्या. बारावी झाली तशी स्वतःवर खूश होऊन तिथेच उन्हात कॅमेऱ्याचं दार उघडलं, रोल काढला आणि त्याची चिकटपट्टी शोधत तो दोन मिनिटं हातात खेळवला. चार दिवसांनी लॅबवाल्या काकांनी निगेटिव्ह लाइटबॉक्सवर पसरली. दोन्ही कडांनी काळ्या जिभा आत आल्या होत्या, काही फ्रेममध्ये तर पार बहिणीच्या खांद्यापर्यंत. काका एवढंच म्हणाले, "रोल सैल होता. लाइट लागली."

तेव्हापासून मी माझ्या आणि मित्रमंडळींच्या वाया गेलेल्या रोलांचा हिशेब ठेवतो. त्यावरून एक सांगतो: मीडियम फॉर्मॅटमध्ये (35 मिमीपेक्षा रुंद, 120 नंबरच्या रोलवर) फोटो क्लिक करताना फार कमी बिघडतात. ते बिघडतात रोल घालताना, रोल काढताना आणि धुण्याच्या टाकीत भरताना. डिजिटल कॅमेरा माणसाला चुकू देत नाही, लाल अक्षरांत ओरडतो. हे जुने कॅमेरे एक शब्द बोलत नाहीत. रोल नीट बसलेला नसला तरी हँडल फिरतं, शटर वाजतं, आकडा पुढे सरकतो.

तरी लोक परत परत याच्याकडे येतात, मीही येतो. 6×6 (सेंटिमीटर) म्हणतात ती निगेटिव्ह प्रत्यक्षात 56 मिमीचा चौकोन असते, म्हणजे 35 मिमीच्या फ्रेमपेक्षा साडेतीन पटीहून थोडी मोठी. डोळ्यावर धरली की प्रिंट न काढताही चेहरा ओळखू येतो. आणि ट्विन लेन्सवाला कॅमेरा छातीशी धरून मान खाली घातली की समोरचा माणूस ताठरत नाही, कारण त्याच्यावर कुणी काही रोखलेलं नसतं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी रोलीफ्लेक्स या अशाच ट्विन लेन्स कॅमेऱ्यावर किती काम केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडच्या जुन्या लग्नांच्या अल्बमांमागेही कित्येकदा याशिकाच असायचा.

रोल घालताना

1901 साली कोडॅकने नंबर 2 ब्राउनीसाठी जो 120 रोल काढला, तोच आज याशिकात, हॅसलब्लाडमध्ये आणि माळ्यावर पडलेल्या ॲग्फा क्लिक थ्रीमध्ये जातो. त्याला 35 मिमीसारखी पत्र्याची डबी नाही. फिल्मच्या पाठीला लांब कागद आणि तो घट्ट गुंडाळलेला, एवढंच त्याचं संरक्षण. घट्टपणा गेला की उजेड कडेने आत शिरतो.

म्हणून पहिली सवय: रोल सावलीत घालायचा. सावली नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या अंगाच्या सावलीत. कागदाचं टोक वरच्या रिकाम्या स्पूलच्या खाचेत मधोमध अडकवा; तिरकं गेलं तर पुढे सगळा रोल एका बाजूला चढतो. मग डाव्या अंगठ्याने खालचा रोल हलकासा दाबून धरा आणि कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी येईपर्यंत हँडल फिरवा. तो अंगठा महत्त्वाचा. त्याच्यामुळे कागद ताणलेला राहतो आणि शेवटी रोल फुगत नाही.

124जीमध्ये आणखी एक सापळा आहे. आतली, फिल्म सपाट धरणारी दाबपट्टी 120 आणि 220 अशा दोन जागी बसते. 220चा रोल दुप्पट लांबीचा असायचा आणि त्याच्या पाठीला कागद नसायचा, म्हणून ही सोय. आता 220 क्वचितच मिळतो, पण आधीच्या मालकाने पट्टी 24 फ्रेमवर सोडलेली असू शकते. तसं असेल तर हँडल जड जातं आणि आकडा 12 उलटून पुढे चालत राहतो. कॅमेरा हातात आला की आधी ती पट्टी 120 वर करा आणि तिथेच राहू द्या.

याशिकावरून रोलीफ्लेक्स ऑटोमॅटवर जाणारे नेमकी उलटी चूक करतात. तिथे बाण जुळवायचा नसतो. कागद खालच्या दोन बारीक रुळांच्या मधून न्यायचा, मग फिल्म आली की तिची जाडी कॅमेरा स्वतः ओळखतो. तुम्ही कागद रुळांच्या वरून नेला तर त्याला काहीच कळत नाही. हँडल फिरतच राहतं आणि कोरा रोल थेट दुसऱ्या टोकाला जाऊन पोचतो.

क्लिक थ्रीसारख्या डब्यात मागे लाल खिडकी असते, तिच्यातून कागदावरचे आकडे वाचायचे. लाल काच त्या काळच्या फिल्मला चालायची जिला लाल रंग दिसत नव्हता. आजच्या फिल्मला तो दिसतो. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि रोल पुढे सरकवण्यापुरतीच उचला. त्या कॅमेऱ्यात मे महिन्याच्या दुपारी 400 आयएसओचा (जास्त संवेदनशील) रोल घालू नका. शटरचा वेग एकच, तोही संथ, निगेटिव्ह काळीकुट्ट येईल. 100चा रोल पुरे.

रोल काढताना

बारावी फ्रेम झाली की लगेच दार उघडू नका. कागदाचं शेपूट सुटून हँडल एकदम हलकं होईपर्यंत फिरवा, नंतर आणखी दोन वेढे. सावलीत जा. दार उघडल्याबरोबर रोलवर अंगठा ठेवा, कागदाचं टोक सेंटिमीटरभर आत दुमडा (अंधारात चाचपडणारा लॅबवाला तुम्हाला दुवा देईल) आणि चिकटपट्टी ओली करून घट्ट लावा. रोल फुगलेला वाटला तर ओढून आवळायला जाऊ नका, फिल्मवर चरे पडतात. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा आणि देताना "सैल आहे, अंधारातच उघडा" असं सांगा.

विमानाने जाणाऱ्यांसाठी: हँडबॅग तपासणारी नवी सीटी स्कॅनर यंत्रं फिल्मला घातक आहेत, अगदी एका फेरीतसुद्धा. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. चेक-इन बॅगेत तर कधीच टाकू नका.

फ्रेम लावताना

ट्विन लेन्स कॅमेऱ्याच्या ग्राउंड ग्लासवर, म्हणजे वरून बघायच्या दुधी काचेवर, उजवं-डावं उलटं दिसतं. पहिल्या दोन रोलांत पळणाऱ्या पोराच्या मागे कॅमेरा नेमका उलट्या बाजूला जातो. याला उपाय सराव. घरात रिकाम्या कॅमेऱ्यानेच पंख्याखाली फिरणाऱ्या माणसांचा पाठलाग करा.

डोकी छाटली जाणं ही वेगळी तक्रार. ट्विन लेन्स कॅमेऱ्यात तुम्ही वरच्या लेन्समधून बघता आणि फोटो खालची काढते. दोघींत चार-पाच सेंटिमीटरचं अंतर. दहा फुटांवर ते जाणवत नाही, मीटरभरावर जाणवतं. तिपाईवर असाल तर फ्रेम लावून झाल्यावर कॅमेरा तेवढाच वर उचला. हातात असेल तर डोक्यावर मुद्दाम मोकळी जागा सोडा.

फोकसची गफलत सगळ्यात जास्त होते आणि तिचा दोष लेन्सवर ढकलला जातो. 80 मिमीची लेन्स, दीड मीटरवर माणूस, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं मोठं) 3.5: फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम बारा सेंटिमीटर. माणूस जरा पुढे झुकला की डोळे गेले, कान शार्प. याशिकाची दुधी काचेवरची छोटी भिंगपट्टी वर काढल्याशिवाय फोकस करूच नका, आणि जवळच्या चेहऱ्यासाठी 5.6 किंवा 8 वर जा. शटरचा वेग 1/125 सेकंदाच्या खाली उतरला की मानेतला पट्टा ताणून धरा.

लाइट मीटरवर विश्वास

124जीचा उजेड मोजणारा मीटर पाऱ्याच्या 1.35 व्होल्टच्या सेलवर चालायचा. ते सेल बंद झाले. दुकानदार देतो तो अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टचा असतो आणि जसजसा वापराल तसा उतरत जातो; मीटर काहीही सांगतो. कानाच्या मशीनचा 675 नंबरचा सेल औषधाच्या दुकानात मिळतो, त्याचा व्होल्टेज बराच जवळचा असतो, पण तो काही आठवड्यांत संपतो. मी सरळ मोबाइलमधलं मीटर वापरतो आणि सावलीवर धरून मोजतो. निगेटिव्ह फिल्म एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड हसत पचवते, कमी उजेड पचवत नाही. स्लाइड फिल्मचं (जिच्यावर थेट सरळ चित्र उमटतं) नेमकं उलटं: तिथे अर्धा स्टॉपही जास्त झाला तर आकाश धुऊन जातं.

संध्याकाळी घाटावर लांब एक्स्पोझर देताना आणखी एक लक्षात असू द्या. मीटर 10 सेकंद म्हणाला तर इलफर्ड एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मला 20 सेकंद द्यावे लागतात, कारण मंद उजेडात फिल्म सुस्तावते. हे विसरलात तर घाट दिसेल, पाणी दिसणार नाही.

"कॅमेरा अडकला"

हॅसलब्लाडचं शटर दाबलं जात नाही म्हणून तो दुरुस्तीवाल्याकडे घेऊन निघालेले दोघे जण मी पाहिलेत. दोघांच्याही मॅगझिनमध्ये (मागच्या रोलच्या डब्यात) उजेड अडवणारी काळी पत्री तशीच घातलेली. पत्री आत असताना तो क्लिक करणारच नाही, तशीच त्याची रचना आहे. खरी अडचण दुसरी: 500 मालिकेत बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या (पुढच्या क्लिकला तयार) स्थितीत असतील तरच लेन्स काढायची किंवा लावायची. एक चढलेली आणि दुसरी उतरलेली असेल तर ती दोघं एकमेकांत अडकतात. जोर लावू नका. मागून बारीक पेचकसाने शटर चढवणारा दांडा फिरवून ती सोडवता येतात, पण पहिल्यांदा जाणत्याच्या समोर करा.

मामिया आरबी67मध्ये शटर चढवणं आणि रोल पुढे नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. अडीच किलोच्या वरचं ते धूड सांभाळताना एकाचा विसर पडतोच. जुन्या याशिकांचा सेल्फ-टायमर मात्र हातही लावू नये असा. वाळलेल्या ग्रीसमुळे तो मधेच थांबतो आणि शटरला घेऊन बसतो.

घरी रोल धुताना

इथे आपल्या हवेचा खरा त्रास आहे. पावसाळ्यात टाकीतलं, फिल्म गुंडाळायचं प्लॅस्टिकचं रीळ कोरडं वाटतं पण नसतं. 120ची फिल्म रुंद आणि 35 मिमीपेक्षा पातळ, ती अर्ध्यात जाऊन चिकटते. अंधारात घाम फुटतो, घामाने हवा आणखी दमट होते, आणि मग माणूस फिल्म ढकलायला लागतो. बोटांत ती जिथे मुडपते तिथे चंद्रकोरीसारखी काळी खूण उमटते आणि ती नेमकी कुणाच्या तरी कपाळावर येते. रीळ आधी केस वाळवायच्या ड्रायरने पाच मिनिटं तापवा. अडकलंच तर फिल्म पूर्ण बाहेर काढा, टाकीत टाका, झाकण लावा, दिवा लावून चहा घ्या, मग पुन्हा बसा.

उन्हाळ्यात पाणी. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी एप्रिलमध्ये सहज 30 अंशांच्या वर असतं आणि रसायनाच्या डब्यावरची मिनिटं मात्र 20 अंशांची. एचपी5 प्लसला आयडी-11 हा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) निम्म्यास निम्मं पाणी घालून 20 अंशांला 13 मिनिटं लागतात; 24 अंशांना ती साधारण नऊवर येतात. मी बर्फाच्या बादलीत बाटल्या ठेवून 24 गाठतो, 20च्या नादी लागत नाही. फक्त डेव्हलपर, हायपो (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी, सगळं त्याच्या आसपास असू द्या.

आणि टाकीच्या बुडाशी लिहिलेलं वाचा. पॅटरसनच्या टाकीत 35 मिमीच्या एका रोलला 300 मिलि पुरतं, 120ला 500 लागतं. पुरेसं नाही घातलं तर सगळ्या फ्रेमच्या एकाच लांब कडेला फिकट पट्टा येतो.

पूर्ण कोरी फिल्म निघाली तर

घाबरून कुणाला शिव्या द्यायच्या आधी कडा बघा. फिल्मच्या काठावर कंपनीचं नाव आणि नंबर कारखान्यातच उमटवलेले असतात. तेही उमटले नसतील तर रसायन मेलेलं होतं किंवा हायपो आधी ओतलात. पूर्ण फिल्म काळी आणि नंबरही दिसत नाहीत, म्हणजे धुण्याआधीच लाइट लागली. काठावरचे नंबर ठळक आणि मधे लख्ख पारदर्शक असेल तर धुण्यात काही चुकलेलं नाही. फिल्मपर्यंत उजेडच पोचला नाही.

मागच्या हिवाळ्यात एक मित्र फुजी जीडब्ल्यू 690वर काढलेला रोल घेऊन आला. कोकणकड्यावरचा सूर्यास्त, आठ फ्रेम. त्या कॅमेऱ्यात लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघायचं असतं. फिल्म वर धरली तर काठावरचे नंबर ठळक आणि मधे स्वच्छ काच. शटर गेलं म्हणून तो दुरुस्तीचा खर्च विचारायला लागला.

"लेन्सची टोपी काढून कुठल्या खिशात ठेवली होतीस?" मी विचारलं.

तो बराच वेळ आठवत बसला.